जॉइंटची कड पुन्हा उडाली? आधी ट्रॉली उलटी करा

आमच्याकडे ट्रक लागतो तिथून मागच्या गोदामात आणि गोदामातून दुकानात जायला रोजची एकच वाट आहे. नाशिकच्या बाहेरचं घाऊक किराण्याचं दुकान, त्यामुळे साखरेची पोती, तेलाचे डबे, पाण्याच्या बाटल्यांची खोकी, सगळं त्याच वाटेने जातं. गोदामात ट्रिमिक्सचा, म्हणजे व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घेतलेल्या काँक्रीटचा कोबा, मधल्या पडवीत कोटा, दुकानात व्हिट्रिफाइड टाइल. देखभाल माझ्याकडे. गोदामाच्या दारापासून चार पावलांवर कोब्यात एक कापलेला जॉइंट आहे (काँक्रीट आकसताना वेडंवाकडं फुटू नये म्हणून कटरने मुद्दाम पाडलेली चीर), तो दीड वर्षात तीनदा फुटला.

पहिल्या वेळी मिस्त्रीने सिमेंट-वाळू भरून छान घोटून दिलं. दोन महिन्यांत त्याची खपली चाकाबरोबर निघून आली. दुसऱ्या वेळी कुणीतरी सुचवलं म्हणून खिडकीच्या फटीत मारतात तो सिलिकॉन सीलंट भरला. सीलंटला काही झालं नाही, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या कडा उडाल्या आणि मधे ती मऊ वळी तेवढी लोंबत राहिली. तिसऱ्या वेळी ठेकेदाराने वरून राखाडी इपॉक्सीचा हात मारला. आठ दिवस आरशासारखं दिसत होतं. मालक खूश, मी खूश, ठेकेदार बिल घेऊन मोकळा. पुढच्या महिन्यात त्याच जागी टवका, फरक एवढाच की आता तो राखाडी रंगाचा.

"काय भरू? कोणतं केमिकल चांगलं?" असं मला बरेच जण विचारतात. मीही तेच विचारत होतो. तिन्ही वेळा आम्ही सगळे खड्ड्यात वाकून बघत होतो. खड्डा पाडणारी गाडी शेजारीच उभी होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

फुटलंय कुठे, ते टेपने मोजा

चौथ्या वेळी मिस्त्रीला फोन करण्याआधी मी टेप घेऊन खाली बसलो. जॉइंट सलग फुटलेला नव्हताच. बशीएवढे दोन खड्डे होते आणि एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अंतर भरलं साधारण साडेबावन्न सेंटिमीटर. मग हँड पॅलेट ट्रक आणला, म्हणजे दोन लांब फोर्क मालाखाली सारून हाताने ओढायची गाडी. त्याच्या दोन फोर्कची बाहेरून बाहेर रुंदी ६८५ मिमी, एका फोर्कची रुंदी १६० मिमी. वजा करा: ५२५. चोर घरातलाच निघाला. तुमच्याकडे ५५० मिमीची अरुंद गाडी असेल तर हेच अंतर ३९०च्या आसपास येईल.

म्हणून पहिली पायरी हीच. दुरुस्तीचं सामान आणण्याआधी खुणा वाचा. ठरावीक अंतरावर जोडीने पडलेले टवके असतील तर एखाद्या गाडीचा ठसा शोधायचा. एकच सरळ, लांबलचक रेघ असेल तर कुठल्या तरी ट्रॉलीचं एक चाक जाम झालंय, किंवा चाकात खिळा रुतलाय. अर्धगोल ओरखडे वळणावर असतात. तिथे भरलेली गाडी जागच्या जागी गरकन फिरवली जाते. आख्खी वाटच धूसर, चमक गेलेली दिसत असेल तर तो वाळूचा उद्योग आहे, चाक फक्त पाट्यावर वरवंटा फिरवावा तशी ती घासतं. टाइलचा फक्त कोपरा तुटला असेल तर त्या कोपऱ्याखाली मसाला नाही. आणि दोन टाइल एकमेकींना रेटून तंबूसारख्या वर आल्या असतील तर ट्रॉलीला शिव्या देऊ नका. ते काम उष्णतेने फुगण्याचं आणि भिंतीलगत फट न ठेवणाऱ्या गवंड्याचं आहे.

चाकाखाली कार्बन पेपर

आमच्या पॅलेट ट्रकला नायलॉनचे रोलर होते. घेताना तेच आले होते आणि हमालांनाही तेच आवडत होते, कारण नायलॉन लोण्यासारखं पळतं. पळतं कशामुळे? दबत नाही म्हणून. आणि दबत नाही म्हणूनच खालची जमीन फोडतं.

हिशेब मांडून बघा. पन्नास किलोची वीस पोती म्हणजे एक टन. फोर्कच्या टोकाला असलेल्या रोलरवर त्यातला मोठा वाटा येतो. समजा एका बाजूच्या रोलरवर साडेतीनशे किलो, म्हणजे सुमारे ३५०० न्यूटन. रोलर ७० मिमी रुंद आहे, पण कडक नायलॉन जमिनीला टेकतं ते जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीवर. म्हणजे १४० ते २१० चौरस मिलिमीटर. भागाकार केला की चौरस मिलिमीटरला १७ ते २५ न्यूटन दाब निघतो. आता तुमच्या कोब्याचं काँक्रीट कोणतं? बहुधा एम २५, म्हणजे २८ दिवसांनी ठोकळा दाबून बघितला तर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटनपर्यंत टिकणारं. तेवढ्याच वजनाखाली पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा रोलर दहा-बारा मिलिमीटर पसरतो आणि दाब चार-पाच न्यूटनवर येतो. माल तोच, गाडी तीच, हमालही तोच.

मग नायलॉनने सगळाच कोबा का नाही फुटला, फक्त जॉइंटच का? कारण मधल्या भागात काँक्रीटला चारही बाजूंनी शेजार असतो, ते दाबलं तरी कुठे सरकणार. कडेला एका बाजूने मोकळी हवा. चाक तिथे पोचलं की कड त्या रिकाम्या जागेत ढकलली जाते आणि टवका उडतो. पलीकडच्या कडेवर तर चाक नुसतं टेकत नाही, आदळतं. एकदा टवका उडाला की फट रुंद, फट रुंद झाली की आदळणं मोठं. महिन्याभरात सुपारीएवढ्या टवक्याची बशी होते ती अशी.

हे आकडे माझ्यासारख्यानेच मांडलेले, ढोबळ आहेत. पण खात्री करून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. जमिनीवर पांढरा कागद, त्यावर कार्बन पेपर पालथा ठेवायचा, भरलेली गाडी जॅकने उचलून कागद रोलरखाली सरकवायचा, गाडी सावकाश खाली सोडायची, पुन्हा उचलायची. ढकलायची नाही, नाहीतर नुसता पट्टा उमटतो. कागदाच्या जाडीमुळे ठसा खऱ्यापेक्षा थोडा फुगतो, पण नायलॉनची रेघ आणि पीयूचा पट्टा शेजारी ठेवले तर मालकालाही वेगळं समजवावं लागत नाही. आमच्या मालकांनी तो कागद बघून चाकांच्या खर्चाला हो म्हटलं. त्याआधी मी तीन वेळा तोंडी सांगितलं होतं.

ट्रॉली उलटी करा हे मी शब्दशः म्हणतोय. रिकामी ट्रॉली पालथी घाला आणि प्रत्येक चाक हाताने फिरवा. आमच्या सात प्लॅटफॉर्म ट्रॉल्यांपैकी चारांत काही ना काही निघालं. एकात पोत्याची सुतळी आसाभोवती इतकी गुंडाळली होती की चाक फिरतच नव्हतं, नुसतं फरफटत होतं. एकाच्या रबरात खोक्याची लोखंडी पट्टी तुटून रुतली होती. एकाचं बेअरिंग गेलेलं, चाक तिरकं. पीयू किंवा रबर मऊ असल्याने त्यात खडे आणि खिळे रुतून बसतात हे लक्षात ठेवा. खिळा रुतलेलं पीयू चाक चांगल्या टाइलवर नायलॉनपेक्षाही वाईट चर पाडतं. त्यामुळे चाकं बदलली की संपलं असं नाही. आमच्याकडे दर शनिवारी दुपारी ट्रॉल्या उलट्या होतात, एक कटर, एक चिमटा, ग्रीसचा डबा, वीस मिनिटं.

चाक निवडताना आणखी एक. चार चाकांच्या ट्रॉलीवर सहाशे किलो टाकणार असाल तर एका चाकाला दीडशे असा भागाकार करू नका. जमीन कधीच एकसारखी सपाट नसते, कुठल्या ना कुठल्या क्षणी एक चाक अधांतरी असतं. ट्रॉलीचं स्वतःचं वजनही धरा आणि तीनने भागा. आणि परवडेल तेवढं मोठं चाक घ्या. शंभर मिमीचं चाक ज्या फटीत अडकतं तिथून दीडशेचं सहज निघतं.

हमालांची तक्रार खोटी नसते

पीयू रोलर बसवले त्या दिवशी संध्याकाळी आमच्या टोळीच्या मुकादमाने मला स्पष्ट सांगितलं, "साहेब, गाडी जड झाली. तुमची फरशी वाचली, आमच्या कंबरेचं काय?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मऊ चाक दबतं, म्हणून पहिला झोका द्यायला जास्त जोर लागतो. ही गोष्ट बाजूला ठेवली तर आठ दिवसांत कुणीतरी जुने नायलॉन रोलर परत चढवतं, आणि तुम्हाला कळतही नाही.

आम्ही तीन गोष्टी केल्या. प्लॅटफॉर्म ट्रॉल्यांना १५० मिमीची, बॉल बेअरिंगची चाकं बसवली. पॅलेट ट्रकचे पुढचे रोलर एकेरीऐवजी जोडीचे घेतले, एकामागे एक असे दोन छोटे रोलर. त्यात वजन वाटलं जातं आणि फटीवरून जाताना एक रोलर नेहमी पक्क्या जमिनीवर असतो. आणि पीयू घेताना फार मऊ घेतलं नाही. खूप मऊ पीयू फरशीला उत्तम, पण टनाच्या मालाला ते चालत नाही, भरलेली गाडी रात्रभर उभी राहिली की चाकाला चपटा डाग पडतो आणि सकाळी ती टप-टप करत चालते. रात्री गाडी रिकामी करून ठेवायची, हा नियम त्यातूनच आला.

जाता जाता: स्वस्तात मिळतात म्हणून पीयू चाकांचा साठा करू नका. पीयूचे काही प्रकार दमट हवेत वर्षानुवर्षांनी आतून कुजतात. मी जास्तीची ठेवलेली चाकं तिसऱ्या पावसाळ्यानंतर काढली तर बोटाने दाबल्यावर पेढ्यासारखा भुगा झाला. वापरलेलीही नव्हती.

आता जॉइंट भरायचा, पण त्याआधी हात ठेवून बघा

चाकं बदलल्यावरच दुरुस्तीला हात घाला. आणि दुरुस्तीआधी एक तपासणी. जॉइंटच्या दोन्ही कडांवर तळहात आडवा ठेवा, बोटं चाकाच्या वाटेपासून लांब, आणि सहकाऱ्याला भरलेली गाडी शेजारून न्यायला सांगा. एक बाजू खाली जाऊन वर आल्याचं हाताला जाणवलं, किंवा जॉइंटमध्ये पाणी ओतल्यावर गाडी जाताना ते बुडबुड करत वर आलं, तर स्लॅब खालून पोकळ आहे. काँक्रीट वरून लवकर वाळतं, खालून उशिरा, त्यामुळे कडा किंचित वर उचलल्या जातात आणि खाली पोकळी राहते. अशा जागी वरून सोनं भरलंत तरी फुटणार. तिथे भोकं पाडून खाली ग्राउट, म्हणजे पातळ मसाला भरणाऱ्या माणसालाच बोलवायला हवं. आमच्याकडे सुदैवाने तसं नव्हतं.

स्लॅब हलत नसेल तर पुढचं काम आपल्या मिस्त्रीकडूनही होतं, फक्त उरकायची घाई नको.

फुटलेल्या भागाच्या बाहेर, चांगल्या काँक्रीटमध्ये, जॉइंटला समांतर अशा दोन सरळ रेघा कटरने कापा, निदान २० ते २५ मिमी खोल. टोकंही चौकोनी कापा. मधलं सगळं छिन्नीने काढा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे मिस्त्री खड्डा आहे त्याच आकारात भरतो आणि कडेला मसाला पातळ करत शून्यावर आणतो. दिसायला सुंदर, पण तो कागदाएवढा पातळ भाग पहिल्या चाकाखाली सुटतो आणि मग आतलं उघडं पडतं. आमची पहिली दुरुस्ती अशीच गेली. मसाल्याला उभी भिंत मिळाली पाहिजे.

मग धूळ. ब्लोअर मारायचा, शक्य असेल तर व्हॅक्यूम. पाण्याने धुतलंत तर पूर्ण वाळू द्या. बहुतेक इपॉक्सी ओल्याला धरत नाही. त्या खड्ड्यात इपॉक्सी मॉर्टर भरा: रेझिन, हार्डनर आणि सिलिका वाळू, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. अर्धा डबा आज, अर्धा उद्या असा अंदाजपंचे हिशेब इथे चालत नाही, हार्डनर कमी-जास्त झाला की ते महिनाभर चिकट राहतं. डबा पूर्ण कालवा, आणि कालवल्यावर डब्यातच ठेवून चहाला जाऊ नका. ढीग करून ठेवलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेने तापतं आणि डब्यातच आवळतं. नाशिकच्या मे महिन्यात हे मी पाहिलंय, डब्यातून धूर निघत होता.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी, मूळ जॉइंटच्या ओळीतच, कटरने पुन्हा चीर पाडायची. हा भाग नव्वद टक्के लोक गाळतात. दोन स्लॅबच्या मधली ती चीर उगाच ठेवलेली नसते. दोन्ही बाजूंना एकसंध मॉर्टरने चिकटवून टाकलं तर काँक्रीट आकसताना नवी भेग पडणारच, आणि ती तुमच्या सोयीने सरळ पडत नाही.

आता ती चीर भरायची. दुकानात 'सेमी-रिजिड जॉइंट फिलर' मागा, इपॉक्सी किंवा पॉलियुरियाचा, आणि माहितीपत्रकात कडकपणा बघा: शोअर ए या मापात ८० किंवा जास्त. इथेच आमचा सिलिकॉनचा प्रयोग फसला होता. सिलिकॉन पाणी अडवतं, धूळ अडवतं, पण चाक आलं की खाली दबतं आणि कड एकटी पडते. फिलरचं काम चाकाला पूल देण्याचं आहे. तो चिरेच्या पूर्ण खोलीपर्यंत भरायचा. फटीत आधी फोमची दोरी घालून वरच्या वर भरण्याची पद्धत इथे नको. ती चीर साधारण स्लॅबच्या जाडीच्या पावपट खोल असते, म्हणजे १५० मिमीच्या कोब्यात चाळीसच्या आसपास. थोडा वर येईल असा भरा आणि घट्ट झाल्यावर धारदार पात्याने जमिनीशी सपाट तासून टाका. खोलगट राहिला तर पुन्हा कड उघडी.

एक गफलत टाळा. खांबाभोवतीचा आणि भिंतीलगतचा जॉइंट वेगळा. तिथे काँक्रीटला हलायला जागा द्यायची असते, म्हणून तिथे मऊच माल हवा. आणि कोबा नवा असेल तर फिलर भरायची घाई करू नका, दोन-तीन महिने थांबता आलं तर थांबा. काँक्रीट आकसत असतं, आज भरलेला फिलर उद्या एका बाजूने सुटतो. तोवर त्या वाटेवरून जड गाडी नेताना जॉइंटवर लोखंडी पट्टी टाकायची.

इपॉक्सी मॉर्टर भरल्यावर आम्ही चोवीस तास कुणाला पाय ठेवू दिला नाही आणि सात दिवस पॅलेट ट्रक दुसऱ्या दाराने फिरवला. दुसरं दार लांब पडतं, बरीच कुरकुर झाली. या दुरुस्तीला आता चौदा महिने झाले. त्या जॉइंटवर अजून नख अडकत नाही.

वरून इपॉक्सीचा थर मारायचाच असेल तर तो काय आहे ते समजून मारा. साधं कोटिंग अर्ध्या मिलिमीटरच्या आतच असतं. ते धूळ अडवतं, पुसायला सोपं जातं, पण फुटक्या कडेला ताकद देत नाही. मारण्याआधी ४५ सेंटिमीटर चौरस जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून सोळा तास ठेवा. खाली घाम आला किंवा काँक्रीट गडद दिसलं, तर ओल आहे आणि थर पापुद्र्यासारखा सुटणार. आमच्या ठेकेदाराने हे केलं नव्हतं, जुलै महिना होता.

कोब्याची पांढरी धूळ

चाकाच्या वाटेवर सारखी पांढरी भुकटी येत असेल तर वरची साय कच्ची आहे. ओतताना पाणी जास्त, किंवा घोटताना वर कोरडं सिमेंट भुरभुरलेलं, किंवा पाणी नीट न मारलेलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट येतं आणि त्याला काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) किमान दहा दिवस ओलं ठेवायला हवं. प्रत्यक्षात चौथ्या दिवशी पाइप गुंडाळला जातो. खिळ्याने ओरखडून बघा. सहज चर पडली आणि पीठ निघालं तर लिथियम किंवा सोडियम सिलिकेटचा हार्डनर मुरवून फायदा होतो. खिळ्याने अर्धा सेंटिमीटर आत जाता येत असेल तर मात्र ती साय तासून काढण्याशिवाय इलाज नाही.

दुकानातल्या टाइल

इथला प्रश्न वेगळा आहे. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः भलतीच कडक, पण खाली आधार नसेल तर काचेसारखी. साडेसात मिमी किंवा जास्त जाडीच्या अशा टाइलला आंतरराष्ट्रीय मानकात मोडण्याची ताकद किमान १३०० न्यूटन मागितली आहे, म्हणजे दोन टोकांवर टेकवून मधे भार दिला तर साधारण १३० किलोला मोडली नाही पाहिजे. आता आपला एक रोलर साडेतीनशे किलोचा. म्हणजे हिशेब उघड आहे, भार टाइलने घ्यायचा नसतो, तिच्याखालच्या मसाल्याने घ्यायचा असतो. आणि आपल्याकडे मसाला कसा लावतात? पाठीवर पाच लाडू, चार कोपऱ्यांना आणि एक मधे, मग रबरी हातोड्याने ठोक. लाडवांच्या मधे पोकळी. घरात माणसं चालतात तोवर खपून जातं.

रुपयाच्या नाण्याने प्रत्येक टाइल वाजवत चला आणि पोकळ वाजली तिथे खडूने फुली मारा. आमच्या बत्तीस फुल्यांपैकी एकोणीस ट्रॉलीच्या वाटेवर होत्या. फुटलेल्या टाइल काढून, खालचं सगळं खरवडून, दातेरी थापीने सलग चिकटवणी पसरून, टाइलच्या पाठीलाही हात मारून बसवल्या. बसवलेली पहिली टाइल लगेच उचलून पाठ बघा. पूर्ण भरलेली दिसली तरच मिस्त्रीला पुढे जाऊ द्या. ज्या पोकळ आहेत पण शाबूत आहेत त्यांच्या सांध्यातून पातळ इपॉक्सी सोडतात. आम्हीही सोडली. काही तगल्या, काही नाही, त्यामुळे तो मुख्य इलाज मानू नका.

दुसरी गोष्ट पातळीतला फरक. एक टाइल शेजारणीपेक्षा वर असली की चाक तिच्या कडेवर आदळतं. मोजायला बँकेचं कार्ड पुरेसं आहे, ते पाऊण मिलिमीटरचं असतं. वरच्या टाइलवर सरळ पट्टी आडवी ठेवून पट्टी आणि खालच्या टाइलच्या मधे कार्ड सरकवा. सहज गेलं, वर फट उरली, तर ती कड आज ना उद्या उडणार.

चमक जाण्याचा प्रश्न मात्र झाडूचा आहे. रस्त्यावरच्या वाळूत क्वार्ट्झ असतं, ते पोलादी सुरीपेक्षाही कठीण. पावसाळ्यात ट्रकच्या चाकाला लागलेला चिखल फलाटावर येतो, वाळतो, आणि ट्रॉली तो दुकानभर नेऊन दळते. दाराशी हातभर पायपुसणं टाकून भागत नाही, चाकाचे दोन-तीन पूर्ण फेरे बसतील एवढी लांब मॅट हवी. सकाळी पहिली ट्रॉली हलण्याआधी कोरडा डस्ट मॉप. आमच्याकडे आधी माल लावायचे आणि मग झाडायचे. हा क्रम उलटा केला, खर्च शून्य.

कोटा, व्हिनाइल आणि शिफ्टिंग

पडवीतल्या कोट्याबद्दल थोडक्यात: तो चुनखडीचा दगड आहे, चाकाचे काळे डाग काढायला अ‍ॅसिड ओतू नका. डाग राहतो आणि पॉलिश जातं. साध्या साबणाने आणि नायलॉन पॅडने निघालं तेवढं काढा, बाकीचं पॉलिशवाल्यावर सोडा.

दवाखाना किंवा ऑफिसात व्हिनाइल असेल तर काळं रबर टाळाच, चाकात आणि मॅटच्या पाठीवरही. रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये उतरून पिवळट-तपकिरी डाग पडतो आणि तो पुसून जात नाही, कारण तो वरून लागलेला नसतो, आत मुरलेला असतो. राखाडी, डाग न पाडणारी चाकं मागा.

कपाटं, फ्रीजर, तिजोरी हलवायची असेल तर? नव्या टाइलवर प्लॅस्टिक आणि त्यावर पीओपीचा थर मारून ठेवतात, तो रंगाऱ्यांच्या थेंबांसाठी आणि शिडीसाठी ठीक. चाकाखाली तो तडकतो आणि त्याचेच खडे प्लॅस्टिक फाडून टाइलवर घासतात. जड वस्तू न्यायच्या वाटेवर आधी झाडून, मऊ फोम किंवा फेल्ट, त्यावर किमान १२ मिमी प्लाय, आणि प्लायचे सांधे टाइलच्या सांध्यावर न येतील असे. नुसतं लोखंडी पत्रं टाइलवर टाकलंत तर खाली सापडलेला एक खडा पुरतो.

राहिलेलं दुखणं

लिफ्ट. दारातल्या दोन उंबरठ्यांमधे साधारण तीन सेंटिमीटरची फट असते आणि ती बुजवता येत नाही, बुजवायचीही नसते. ट्रॉलीचं पुढचं चाक त्यात आपटतं, आणि त्या धक्क्याने लिफ्टसमोरची टाइलची पहिली ओळ दरवर्षी जाते. मोठ्या चाकांनी फरक पडला. टाइलच्या कडेला स्टीलचा अँगल बसवला, त्यानेही पडला. ट्रॉली सरळ न नेता किंचित तिरकी नेली तर दोन्ही चाकं एकदम पडत नाहीत, हे मुकादमानेच शोधलं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फटीवर टाकायच्या जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा. दार बंद करण्याआधी ती उचलायची असते, नाहीतर लिफ्ट अडते. पहिली पट्टी पंधरा दिवसांत भंगारवाल्याकडे गेली असावी. दुसरीला साखळी लावून भिंतीला अडकवलंय. साखळी अजून अर्धा फूट लांब हवी होती, तेवढी पुढच्या शनिवारी बदलायची आहे.